वाचकांचे प्रश्न : ‘फॉक्सट्रॉट’मधील परीकथा आणि नऊ मात्रांचा ठेका

गेल्या अंकात या सदरातून जेनेसिस या इंग्लिश बँडच्या ‘फॉक्सट्रॉट’ या १९७२ सालच्या अल्बमची शिफारस केली होती. त्यावर आलेल्या पत्रांतील प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की या वेळचे संपूर्ण सदर त्याच अल्बमसाठी राखून ठेवणे मला योग्य वाटले. ज्यांनी तो अद्याप ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात माहिती देतो. अल्बममध्ये सहा रचना असून त्याची लांबी सुमारे एक्कावन्न मिनिटे आहे. रेकॉर्डची दुसरी बाजू एका छोट्या गिटारवादनाने सुरू होते आणि उरलेली सगळी ‘सपर्स रेडी’ (म्हणजे ‘जेवण तयार आहे’) या तेवीस मिनिटांच्या, सात भागांच्या रचनेने व्यापली आहे. पीटर गॅब्रिएल यांचे गायन व बासरी, टोनी बँक्स यांचे कीबोर्ड, माइक रदरफोर्ड यांची बास, स्टीव्ह हॅकेट यांची गिटार आणि फिल कॉलिन्स यांचे ड्रम, असा हा पाच जणांचा मेळ होता.

प्रश्न : अल्बमचे संगीत आवडले, पण शब्दांशी माझे जमले नाही. परग्रहावरून आलेला पाहुणा, समुद्राला हुकूम सोडणारा राजा, बेडकाचा राजपुत्र, सागरातून वर येणारे राक्षस, हे सगळे मोठ्या माणसांनी गंभीरपणे का ऐकावे? रॉक संगीताने आपल्या काळाविषयी बोलावे अशी माझी अपेक्षा असते. — एक वाचक, नाशिक

आपली अपेक्षा रास्त आहे, आणि हा अल्बम ती पूर्ण करतो असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी पहिल्या बाजूवरील ‘गेट ’एम आउट बाय फ्रायडे’ ही साडेआठ मिनिटांची रचना शब्द समोर ठेवून पुन्हा एकदा ऐकावी, अशी विनंती करतो. हे गाणे म्हणजे एक छोटे नाटक आहे आणि त्यातील सगळी पात्रे गॅब्रिएल आवाज बदलून एकटेच उभी करतात. स्टिक्स एंटरप्रायझेस नावाच्या कंपनीच्या जॉन पेबल यांना जुन्या घरांतील भाडेकरू शुक्रवारपर्यंत बाहेर काढायचे आहेत. त्यांचा माणूस, ज्याला सगळे ‘विंकलर’ (भाडेकरूंना घराबाहेर काढणारा) म्हणतात, मिसेस बॅरो या भाडेकरूच्या दाराशी जातो. दुप्पट भाडे द्यायची तयारी त्या दाखवतात, तरी उपयोग होत नाही. मग चारशे पौंड, नव्या घराचा एक छानसा फोटो आणि हार्लो या नव्याने वसवलेल्या गावात, घर उबदार ठेवण्याची सोय असलेला फ्लॅट, अशी लालूच दाखवून त्यांना हलवले जाते. आणि तेथे सामान लागते न लागते तोच भाडे वाढल्याचे मधाळ शब्दांत कळवले जाते.

येथवर सगळे रोजच्या व्यवहारातले आहे. कल्पिताचा प्रवेश यानंतर होतो. गाण्यातील काळ एकदम १८ सप्टेंबर २०१२ वर जातो आणि दूरचित्रवाणीवरून जाहीर होते की ‘जेनेटिक कंट्रोल’ या संस्थेने माणसाच्या उंचीवर चार फुटांची मर्यादा घातली आहे. कारण लगेच पुढच्या कडव्यात, गुत्त्यात बसलेला एक सामान्य माणूस सांगतो : उंची कमी झाली की त्याच इमारतीत दुप्पट माणसे बसतील, आणि संस्थेच्या संचालकांनी आसपासच्या मालमत्ता आधीच विकत घेऊन ठेवल्या आहेत. जागेच्या हव्यासाचे तर्कशास्त्र शेवटपर्यंत नेले की ते माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचते, हे सांगण्यासाठी कवीला वास्तवाची हद्द ओलांडावी लागली. अखेरीस सॅटिन पीटर नावाच्या एका बड्या धनिकाचे निवेदन येते आणि त्यात जमिनीत व चर्चमध्ये एकाच वेळी गुंतवणूक करण्याचा सल्ला मिळतो.

याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत लंडनच्या नॉटिंग हिल भागात पीटर रॅकमन या घरमालकाच्या कारवाया गाजल्या. जुन्या भाडेकरूंना धाकदपटशाने हुसकावून जागा मोकळ्या करण्याच्या प्रकाराला त्याचेच नाव पडले. हा अल्बम ज्या आयलंड स्टुडिओत मुद्रित झाला तो बेसिंग स्ट्रीटवर, म्हणजे त्याच नॉटिंग हिलमध्ये होता. चाळी रिकाम्या करून घेण्याचे प्रकार ज्यांनी मुंबईत जवळून पाहिले आहेत, त्यांना तर हे गाणे समजावून सांगण्याची गरजच पडणार नाही.

समुद्राला हुकूम सोडणारा राजा म्हणजे अकराव्या शतकातील कॅन्यूट. मूळ आख्यायिकेत तो भरतीच्या लाटांना थांबायला सांगतो ते भाटगिरी करणाऱ्या दरबाऱ्यांना सत्तेची मर्यादा दाखवून देण्यासाठी. ‘कॅन-युटिलिटी अँड द कोस्टलायनर्स’ या रचनेचा मोठा भाग हॅकेट यांचा आहे आणि माझ्या मते या अल्बममधील ही सर्वांत उपेक्षित राहिलेली रचना आहे. ‘टाइम टेबल’ हे गाणे मात्र सुंदर पियानो असूनही मला बेताचेच वाटते. कोरीव ओकच्या मेजाभोवती जमणारे जुने सरदार त्यात केवळ शोभेपुरते येतात, आणि तेथे आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे.

प्रश्न : मी तबला शिकते. ‘सपर्स रेडी’च्या सहाव्या भागाच्या शीर्षकातच नऊ-अष्टमांश असा लयीचा उल्लेख आहे, म्हणून हातावर मोजायला बसले. तीन-तीन-तीन असे विभाग धरले की पहिल्याच आवर्तनात टाळी चुकते, आणि ऑर्गन सुरू झाला की सम कुठे गेली तेच कळत नाही. चूक माझ्या मोजणीत आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

आपली बेरीज बरोबर आहे, केवळ विभाग वेगळे आहेत. पाश्चात्त्य संगीतात नऊ-अष्टमांश म्हटले की सहसा तीन-तीनचे तीन सारखे गट अपेक्षित असतात आणि त्यातून एक डौलदार हेलकावा तयार होतो. ‘अपोकॅलिप्स इन नाइन-एट’ या भागात हा हेलकावा हेतुपुरस्सर मोडलेला आहे. येथे विभाग तीन, दोन आणि चार असे आहेत. आपण ‘तकिट तक तकधिमि’ असे तोंडाने म्हणत राहिलात तर पहिल्या दोन आवर्तनांतच ठेका सापडेल. पहिल्या विभागात किंचित ऐस, दुसऱ्यात घाई आणि तिसऱ्यात पुन्हा लांब पाऊल, अशी ती चाल आहे. त्यामुळे प्रत्येक आवर्तन संपताना आता हे कोसळणार असे वाटते आणि प्रत्येक वेळी ते समेवर नेमके उतरते.

सम शोधण्यासाठी ऑर्गनकडे काही काळ चक्क दुर्लक्ष करावे आणि कान तळाशी न्यावा. तेथे रदरफोर्ड पायाने वाजवायच्या बास पेडलवर ई, एफ शार्प आणि बी असे तीनच स्वर घोळवत आहेत. ई हा षड्ज धरला तर आपल्या भाषेत ते सा, शुद्ध रे आणि पंचम झाले. कॉलिन्स यांचे ड्रम त्यावर सतत नक्षी बदलतात, परंतु तीन-दोन-चारची चौकट सोडत नाहीत. आपल्याकडे लेहरा धरणारा जसा आवर्तनाशी इमान राखतो आणि तबलजी त्यावर मोकळा होतो, तसेच येथे बास पेडल आवर्तन राखून आहे आणि मोकळीक ऑर्गनला मिळाली आहे.

ऑर्गनवरील बँक्स मात्र नऊ मात्रांना बांधील नाहीत. हा भाग बँक्स, रदरफोर्ड आणि कॉलिन्स या तिघांनी मिळून वाजवता वाजवता रचला, आणि खाली नऊ चालू असताना वर कधी चारच्या, कधी सातच्या हिशेबाने वाक्ये टाकायची, अशी त्यामागची कल्पना होती. वरचे वाक्य खालच्या आवर्तनाच्या मधोमध संपते, पुढचे भलत्याच मात्रेवर उठते, आणि दोन्ही जेव्हा योगायोगाने एकत्र येतात तेव्हा तिहाई समेवर यावी तसा आनंद होतो. फरक एवढाच की आपल्याला तो क्षण आधी कळतो आणि येथे तो अवचित अंगावर येतो. आपली सम हरवली ती या कारणाने. ती हरवावी हाच त्या वादनाचा उद्देश आहे.

आता हे सगळे कथेशी जोडून पाहिले पाहिजे, कारण या अल्बमविषयी मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा येथे आहे. ‘सपर्स रेडी’मधील प्रेमी युगुल एका साध्या खोलीतून निघते आणि एकामागून एक विचित्र प्रदेशांतून जाते, सहाव्या भागात जगाचा अंत समोर उभा राहतो. येथे शब्दांत ड्रॅगन आहेत, बायबलमधील मागोगचे रक्षक आहेत, मुलांना भूमिगत घेऊन जाणारा पुंगीवाला आहे. परंतु भयाची खरी जाणीव शब्द करून देत नाहीत, ती हे नऊ मात्रांचे आवर्तन करून देते. पायाखालची जमीन समान अंतरावर येत नाही, वरचा स्वर खालच्या लयीला जुमानत नाही, आणि ऐकणारा त्या दोघांइतकाच वाट चुकतो. जेनेसिसची परीकथा कागदावर वाचली तर कधीकधी भाबडी वाटते. ती घडते ती लय, स्वर आणि वळणे यांतून.

या वादनाच्या शिखरावर ६६६ या, बायबलमधील श्वापदाच्या आकड्याचा उल्लेख करीत गॅब्रिएल एकदम गाऊ लागतात. बँक्स यांनी ती जागा केवळ वाद्यांसाठी योजलेली होती आणि आपल्या वादनावर गायन चढवले गेल्याचे प्रथम त्यांना खटकले होते. पुढे मात्र तो क्षण त्यांना स्वतःलाही फार मोलाचा वाटू लागला. मेलोट्रॉन या फितीवर चालणाऱ्या कीबोर्डचे रुंद स्वरगुच्छ आणि त्यावर फाटत जाणारा तो आवाज ऐकला की त्यांचे मत का बदलले असेल हे सहज समजते.

प्रश्न : पहिल्याच ‘वॉचर ऑफ द स्काइज’ या गाण्याच्या आरंभी जो धूसर, थोडासा थरथरता वाद्यमेळ ऐकू येतो तो खऱ्या व्हायोलिनवादकांचा आहे का? — एक वाचक, पणजी

तो मेलोट्रॉन आहे. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या वाद्यांचा एकेक स्वर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत वाजू लागते, सुमारे आठ सेकंदांत संपते, आणि पट्टी सोडल्यावर स्प्रिंगच्या ओढीने मूळ जागी जाते. फितीची गती अगदी एकसारखी राहत नाही. आपल्याला जाणवलेली थरथर त्यातून येते. बर्मिंगहॅमजवळच्या स्ट्रीटली येथे ही वाद्ये तयार होत, आणि बँक्स यांनी आपले वाद्य किंग क्रिम्सन या बँडकडून विकत घेतले होते. त्या अवजड वाद्यावर जे दोन स्वरगुच्छ त्यांना विशेष भारदस्त वाटले त्यांतून ही सुरुवात जन्मली. ती विरत असतानाच दुरून सहा मात्रांचा, एकाच स्वरावर ठोकलेला ठेका पुढे येतो. मानवजात निघून गेलेल्या पृथ्वीकडे पाहणारा परका प्रवासी हा या गाण्याचा विषय आहे. त्याचे शब्द बँक्स आणि रदरफोर्ड यांनी १९७२ च्या इटलीच्या दौऱ्यात लिहिले आणि शीर्षक इंग्लिश कवी कीट्स यांच्या १८१६ मधील एका प्रसिद्ध सुनीतातून घेतले.

प्रश्न : ‘सपर्स रेडी’च्या शेवटी देवदूत, राजांचा राजा आणि नवे जेरुसलेम येते. ही रचना धर्मप्रचाराची आहे असे समजावे का? मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि शेवट ऐकून भारावलो, पण मधल्या थट्टेमुळे संभ्रमात पडलो. — एक वाचक, वसई

आपल्याला बायबलचा परिचय असल्याने उत्तर देणे सोपे जाईल. शीर्षकातील जेवण प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायातून आले आहे. तेथे सूर्यात उभा असलेला देवदूत मोठ्याने ओरडून देवाच्या मेजवानीस बोलावतो, आणि गाण्याच्या सातव्या भागात हेच दृश्य जवळजवळ त्याच शब्दांत येते. सात कर्णे, ६६६ ची संख्या, मागोग आणि नवे जेरुसलेम हेही त्याच पुस्तकातील आहे. या मंडळींना हे सगळे शाळेपासून परिचयाचे होते. गॅब्रिएल, बँक्स आणि रदरफोर्ड हे तिघे सरे परगण्यातील चार्टरहाउस या जुन्या निवासी शाळेचे विद्यार्थी, आणि तेथील प्रार्थनामंदिरातील स्तोत्रांचा संस्कार बँक्स यांच्या स्वररचनेत ठायी ठायी जाणवतो. १९६९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे नाव उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत अशा अर्थाचे होते आणि त्यामुळे काही दुकानांत तो धार्मिक संगीताच्या खणात जाऊन पडला.

रचनेचे बीज गॅब्रिएल यांच्या अनुभवात आहे. लंडनमध्ये पत्नी जिल यांच्या आईवडिलांच्या घरी एका रात्री त्यांना वातावरण अचानक बदलल्याचे जाणवले आणि खिडकीतून हिरवळीवर पांढऱ्या वस्त्रांतील सात आकृत्या चालताना दिसल्या, असे त्यांनी पुढे सांगितले. त्या आकृत्या पहिल्या भागात जशाच्या तशा आहेत. तेव्हा रचनेच्या मुळाशी खरीखुरी भीती होती आणि श्रद्धेची खरीखुरी गरजही होती. धर्मप्रचार मात्र ती नाही, आणि याचा पुरावा स्वरांतच मिळतो.

दुसऱ्या भागात ‘गॅरंटीड इटर्नल सँक्च्युअरी मॅन’ नावाचा एक धर्मगुरू येतो. कार्यक्रमांच्या वेळी श्रोत्यांना कथेचा सारांश छापलेला कागद दिला जाई. त्यात या गृहस्थाचा दावा धादांत खोटा असल्याचे स्वच्छ शब्दांत लिहिलेले होते. आता आपण त्याच्या गाण्याची चाल लक्षात ठेवून थेट सातव्या भागाकडे जा. देवदूत सूर्यात उभा राहतो, राजांचा राजा आपल्या मुलांना घरी न्यायला परत येतो, आणि हे सगळे गायिले जाते ते दुसऱ्या भागातील त्या ढोंगी गुरूच्याच चालीवर. आधी जी चाल खोट्या आश्वासनाची होती तीच आता, अधिक संथ आणि भव्य होऊन, खऱ्या मुक्तीची झाली आहे. श्रोत्याने यातून काय घ्यावे? एक अर्थ असा निघतो की ढोंगी माणसाने खरी चाल चोरली होती आणि ती आता तिच्या धन्याला परत मिळाली. दुसरा असा की मुक्तीची दोन्ही वचने एकाच सुराची आहेत आणि त्यांतील भेद ओळखण्याची जबाबदारी आपली आहे. मला स्वतःला पहिला अर्थ जवळचा वाटतो, कारण त्याच्या अगोदर घंटांच्या नादात आणि ड्रमच्या वाढत्या गजरात पहिल्या भागातील प्रेमगीताची चाल परत येते. नऊ मात्रांच्या त्या वादळानंतर ती सरळ, स्थिर लय ऐकताना घरी पोहोचल्याची भावना इतकी निःशंक असते की तिच्यामागे थट्टा असेल असे मानवत नाही.

मधली थट्टा ही ‘विलो फार्म’ या पाचव्या भागाची. ते गॅब्रिएल यांचे मुळात स्वतंत्र गाणे होते. चौथ्या भागातील अतिशय तरल, जवळजवळ थांबलेल्या संगीतानंतर आणखी एक अपेक्षित चढण रचण्याऐवजी थेट या धांदलीत उडी घ्यावी, ही सूचना बँक्स यांची. तेथे चर्चिल बाईच्या वेषात येतात. बेडूक, राजपुत्र, वीट, अंडे आणि पक्षी एकमेकांत रूपांतरित होत राहतात. कोणतीच गोष्ट आपल्या रूपात टिकत नाही अशा जगातून गेल्याशिवाय पुढच्या प्रलयाला अर्थ येत नाही, म्हणून मी या भागाला विषयांतर मानत नाही.

प्रश्न : मुखपृष्ठावर कोल्ह्याचे डोके असलेली बाई आहे. अल्बममध्ये तर असे पात्र कोठेच नाही! — एक वाचक, पुणे

खरे आहे. लाल पोशाखातील ती स्त्री समुद्रातील हिमखंडावर उभी आहे आणि तिचा माग काढत आलेले घोडेस्वार किनाऱ्यावर थांबले आहेत. हे चित्र पॉल व्हाइटहेड यांचे असून आधीच्या दोन अल्बमची मुखपृष्ठेही त्यांचीच होती. हे पात्र गाण्यात नसले तरी रंगमंचावर मात्र अवतरले. २८ सप्टेंबर १९७२ रोजी डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये गॅब्रिएल आपल्या पत्नीचा लाल पोशाख आणि कोल्ह्याचा मुखवटा घालून, सहकाऱ्यांना पूर्वकल्पना न देता, समोर आले. श्रोते अवाक् झाले. त्यांच्या पुढील सगळ्या वेषांतरांची सुरुवात त्या रात्री झाली : ‘विलो फार्म’साठी चेहऱ्याभोवती फुलाच्या पाकळ्या, ‘वॉचर ऑफ द स्काइज’साठी वटवाघळाचे पंख आणि प्रलयासाठी कोनाकृती शिरोभूषण.

प्रश्न : अल्बमच्या अनेक आवृत्त्या दिसतात. कोणती ऐकावी? — एक वाचक, सिंगापूरस्थित

मूळ १९७२ चे मिश्रण, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे व आवाजांचे मुद्रण एकत्र जुळवणे, थोडे दाटीवाटीचे आहे. २००८ मध्ये निक डेव्हिस यांनी केलेल्या नव्या मिश्रणात बास पेडल आणि बारा तारांच्या गिटारी स्पष्ट सुट्या होतात. नऊ मात्रा मोजायच्या असतील त्यांनी नवे मिश्रण घ्यावे. मला स्वतःला मूळ मिश्रणातील काळोख अधिक प्रिय आहे, कारण मेलोट्रॉन त्यात सगळ्यांवर पसरून राहतो. गॅब्रिएल १९७५ मध्ये बँड सोडून गेल्यानंतर कॉलिन्स यांनी गायिलेले ‘सपर्स रेडी’ १९७७ च्या ‘सेकंड्स आउट’ या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या मुद्रणात आहे. त्यात पात्रे कमी दिसतात, पण शेवटच्या भागातील गायन अतिशय आर्त आहे. हॅकेट यांनी अल्बमच्या पन्नाशीनिमित्त केलेल्या दौऱ्यातील ब्रायटनचे मुद्रण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही मिळवून ऐकण्याजोगे आहे.

कोणतीही आवृत्ती घेतली तरी दुसरी बाजू थेट ‘सपर्स रेडी’पासून लावू नये. तिच्या आधी येणारे ‘होरायझन्स’ हे हॅकेट यांचे पावणेदोन मिनिटांचे गिटारवादन जर्मन संगीतकार बाख यांच्या पहिल्या चेलो सूटमधील (चेलो या तंतुवाद्यासाठीच्या रचनामालिकेतील) प्रील्यूडच्या, म्हणजे आरंभीच्या रचनेच्या, वळणाने सुरू होते, आणि त्याचे शेवटचे स्वर विरताच बारा तारांच्या गिटारींवर त्या प्रेमगीताचा आरंभ होतो.